‘पक्ष’ या रकान्यात चुकीची नोंद

संपादक महोदय,

निवृत्तीनंतर मी अंबाजोगाईत रोज संध्याकाळी एका अभ्यासिकेत मुलांच्या शंका सोडवायला बसतो. गेल्या आठवड्यात तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीने सामान्य ज्ञानाचे गाईड पुढे केले. राष्ट्रपतींचा तक्ता होता, शेवटचा रकाना ‘पक्ष’. राधाकृष्णन, झाकिर हुसेन, व्ही. व्ही. गिरी या तिघांपुढेही ‘काँग्रेस’ छापलेले, आणि त्यावर तिने पाठांतरासाठी पिवळा हायलायटर ओढलेला. ते पाहून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

तिघेही आधी उपराष्ट्रपती होते, मग राष्ट्रपती झाले. राधाकृष्णन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. झाकिर हुसेन यांचा जन्म 1897 चा, हैदराबादचा; आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. बावीस वर्षे ते जामिया मिलियाचे कुलगुरू होते. वर्ध्याच्या 1937 च्या परिषदेनंतर नई तालीमचा, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगातून शिक्षणाच्या कल्पनेचा, आराखडा त्यांच्याच समितीने केला. या दोघांना काँग्रेसने निवडून आणले हे खरे, पण पाठिंबा वेगळा आणि सदस्यत्व वेगळे.

गिरी मात्र मुळात काँग्रेसचेच. बँक कर्मचाऱ्यांच्या वेतन निवाड्यात सरकारने फेरफार केला म्हणून 1954 मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले कामगारमंत्री ते हेच. झाकिर हुसेन 3 मे 1969 रोजी पदावर असतानाच गेले. गिरींनी काही आठवडे कारभार पाहिला, मग राजीनामा देऊन अपक्ष अर्ज भरला. समोर काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन केले. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्मी मते मिळाली नाहीत, दुसऱ्या पसंतीची मोजावी लागली. गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. ज्या माणसाने काँग्रेसचा उमेदवार पाडला, त्याच्यापुढे ‘काँग्रेस’ छापायचे?

2007 मध्ये उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावतही अपक्ष म्हणून उभे राहिले आणि प्रतिभाताई पाटील यांच्याकडून हरले. पण त्यांचे आयुष्य जनसंघ-भाजपमध्ये गेलेले, मागे भाजपची आघाडी उभी. त्यांचे अपक्षपण अर्जापुरते होते, असे माझे मत. 1997 पासून या अर्जाला 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात, तेही खासदार-आमदारच. पक्षाच्या पाठबळाशिवाय एवढ्या सह्या कोण गोळा करणार?

राष्ट्रपतिपदाच्या मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते, पक्षादेशही लागू होत नाही. आपल्या ग्रामपंचायतीतही पक्षचिन्ह नसते, तरी निकालाच्या दिवशी सरपंच कोणाचा हेच आधी विचारले जाते. तीच सवय या तक्त्यात उतरली आहे.

या तिघांपुढे ‘अपक्ष’ हवे, ही दुरुस्ती आपल्या स्पर्धा परीक्षेच्या पानावर ठळक छापावी. ते कात्रण मी अभ्यासिकेच्या फलकावर लावीन. त्या मुलीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई