मा. ऊर्जामंत्री, जुलैतल्या एका तासाची किंमत मोजा

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्यांची वीज वाहून नेणाऱ्या फीडरची, म्हणजे वीजवाहिनीची, दुरुस्ती पावसाळ्याआधी पूर्ण होईल, असं लेखी आश्वासन होतं. ती आता भर जुलैत, ऐन वाऱ्याच्या दिवसांत, शटडाउन घेऊन, म्हणजे लाइन बंद ठेवून, चालू आहे. जाब विचारला तर उत्तर मिळतं, वर्षाची उपलब्धता, म्हणजे लाइन चालू असल्याचे तास, ९५ टक्क्यांच्या वर आहे. साहेब, ही सरासरी फसवी आहे.

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग सेकंदाला ५ मीटरवरून १० झाला की ऊर्जा आठपट. म्हणजे जोराच्या वाऱ्यातला एक तास गेला, की मंद वाऱ्याचे आठ तास गेले. ६०० किलोवॅटची दहा यंत्रं पूर्ण भारावर असताना लाइन सहा तास बंद राहिली, तर ३६,००० युनिट बुडाले. मंद वाऱ्याच्या जानेवारीत लाइन कितीही अखंड ठेवा, ते भरून निघत नाहीत.

कमी उत्पादनाचं खापर उन्हावर फोडलं जातं. तापमान २० अंशांवरून ४० वर गेलं की हवेची घनता जेमतेम ६ टक्के घटते. वारा ६ मीटरवरून ५ वर आला तर ऊर्जा ४२ टक्के घटते! उष्णतेचा खरा त्रास यंत्राला होतो. गिअरबॉक्सचं तेल तापतं, कूलर धुळीनं चोंदला असेल तर यंत्र स्वतःहून बंद पडतं. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये, वारा जोर धरण्याआधी, आम्ही तेल तपासतो, कूलर धुतो, बोल्टांचा टॉर्क (घट्टपणा) बघतो. लाइनचे इन्सुलेटर साफ करणं, सैल जंपर (तारा जोडणारे तुकडे) आवळणं, तारांवरच्या फांद्या तोडणं तेव्हाच का होत नाही?

भरल्या वाऱ्यात फीडर ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की भार एका क्षणात सुटतो. पात्यांचा कोन फिरवून यंत्र थांबवावं लागतं. ब्रेकचे पॅड झिजतात, गिअरच्या दातांना हिसका बसतो. पुरवठा लांबला की यंत्राच्या विद्युत पॅनेलमधले, ओलावा दूर ठेवणारे हीटरही बंद. धुक्यातला ओलावा आत बसतो आणि लाइन आली तरी पॅनेल सुकवल्याशिवाय यंत्र चालू करता येत नाही. हे तास कोणाच्या नोंदवहीत जातात?

आम्ही आधी दिलेला वीजनिर्मितीचा अंदाज चुकला तर आमच्याकडून १५-१५ मिनिटांच्या खंडांनी दंड वसूल होतो. लाइन पडली की मात्र वर्षाची सरासरी पुढे केली जाते. उत्पादक बदलले, मंत्री बदलले, हा दुजाभाव तसाच आहे.

फीडरची उपलब्धता तासांत नको, बुडालेल्या युनिटांत मोजा. जून ते सप्टेंबर नियोजित शटडाउन बंद करा. आणि या जुलैत बुडालेल्या युनिटांची भरपाई द्या.

आपला,
पवनचक्की देखभालीतला एक अभियंता, सातारा