४१२ नंतर थेट ४१५: पावत्यांच्या क्रमांकांबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय: पावत्यांचे ‘गहाळ’ क्रमांक आणि ते नव्याने लावण्याचा प्रस्ताव

सप्रेम नमस्कार,

सर्वसाधारण सभेत पावत्यांच्या यादीवरून जे झालं ते मला खटकलं. ४१२ नंतर थेट ४१५ दिसल्यावर मधल्या दोन पावत्यांचा हिशेब खजिनदारांना चारचौघांत विचारला गेला, तोही दरडावून. त्या गोंगाटात मला बोलता आलं नाही. डेटाबेस (सॉफ्टवेअरमागचा नोंदींचा साठा) हेच माझं रोजचं काम असल्यामुळे आता लिहितो आहे.

यादीतला पहिला रकाना पावती क्रमांकाचा नाहीच. टेबलमधल्या, म्हणजे डेटाबेसच्या तक्त्यातल्या, प्रत्येक नोंदीला डेटाबेस आपणहून जो आकडा चिकटवतो, तो तिथे छापला गेला आहे. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये याला ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा आकडा) म्हणतात. पोस्टग्रेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम ‘सिक्वेन्स’ नावाचा मोजक करतो. आकडा आधी दिला जातो, नोंद पक्की नंतर होते. मध्येच काही बिनसलं तर नोंद रद्द होते, पण आकडा परत घेतला जात नाही. हे मुद्दाम असंच ठेवलेलं आहे. नाहीतर एकाचं पेमेंट पूर्ण होईपर्यंत बाकीच्यांना ताटकळावं लागलं असतं. मायक्रोसॉफ्टचं ‘एसक्यूएल सर्व्हर’ हे डेटाबेस सॉफ्टवेअर अचानक बंद पडलं तर आकडा १००० ने पुढे गेलेला मी पाहिला आहे. आपले तर दोनच गेले!

उलटही सांगतो. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत शेवटची नोंद पुसून सर्व्हर पुन्हा सुरू केला, की तोच आकडा पुढच्या नोंदीला मिळायचा. म्हणजे क्रम अखंड दिसला तरी एखादी नोंद पुसलेली असू शकते. शंका असेल तर बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा करा, या आकड्यांवरून काहीच ठरत नाही.

‘सगळे नंबर ओळीने लावून घेऊ’ हा प्रस्ताव मात्र कृपया मागे घ्यावा. थकबाकी, व्याज, सभासदांची खाती या सगळ्या टेबलांत याच आकड्यांचा संदर्भ असतो. एक संदर्भ जरी बदलायचा राहिला, तरी एकाची पावती दुसऱ्याच्या खात्यावर दिसू शकेल.

त्याऐवजी सॉफ्टवेअरवाल्यांकडून पावती क्रमांकाचा वेगळा रकाना करून घ्यावा. पैसे जमा झाल्यावरच तो क्रमांक पडावा, आणि रद्द झालेली पावती ‘रद्द’ शिक्क्यासह यादीतच राहावी. ते कदाचित ‘सर्वात मोठा क्रमांक अधिक एक’ अशी सोपी युक्ती सुचवतील. ती नको. दोघांनी एकाच क्षणी पैसे भरले तर दोघांनाही एकच क्रमांक जाऊ शकतो. एक क्रमांक दोनदा पडूच नये असं बंधन डेटाबेसमध्येच घालायला सांगावं.

इतिवृत्तात खजिनदारांविषयी काही नोंदवलं गेलं असेल, तर ते कायम होण्यापूर्वी दुरुस्त व्हावं, ही विनंती.

आपला,
एक सभासद

ता. क.: पावतीच्या लिंकमध्ये शेवटी हाच आकडा असतो. लॉगिन न करता तो बदलून माझ्याच दोन जुन्या पावत्या उघडून पाहिल्या, दोन्ही उघडल्या. म्हणजे कोणाचीही उघडेल. हे काम आधी करून घ्यावं.