सत्तेचाळीस सोपं आहे

मस्कत, शुक्रवार

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

आई, परवा फोनवर विचारत होतीस ना, "तिथं सगळ्यांना हिंदी येते, मग अरबीचा खटाटोप कशाला?" येते, खरं आहे. मत्राहच्या बाजारात मी मोठ्या ऐटीत अरबीत भाव विचारते आणि ओमानी दुकानदार सरळ हिंदीत उत्तर देतो. झाला सराव! पण डोंगराकडच्या गावांतून फिजिओथेरपीला येणाऱ्या आजी-आजोबांना कुठली हिंदी? त्यांचा खांदा धरायचा मी आणि कुठं दुखतंय ते विचारायचं नर्सनं, हे मला पटेना.

त्यात वर्गात शिकवतात ती फुसहा, म्हणजे पुस्तकांतली, बातम्यांतली अरबी. तिच्यात "अय्न अल-अलम?", म्हणजे कुठं दुखतंय, असं विचारायचं. तसं विचारलं की आजोबा गालात हसतात, कारण ते घरी म्हणतात, "वेन यअव्वरक?" म्हणून दोन वह्या केल्यात, एक वर्गाची, एक कामाची. कामाची जास्त भरलीय.

बाबा, व्याकरण तुमच्या आवडीचं आहे. संस्कृतसारखं द्विवचन आहे. तीन ते दहा या आकड्यांचं लिंग नामाच्या उलट, नाम पुल्लिंगी तर आकडा स्त्रीलिंगी. आणि निर्जीव वस्तू अनेक असल्या की त्यांना विशेषण लावायचं ते स्त्रीलिंगी एकवचनी! तुम्ही लाल पेनानं खोडलंच असतं. शिवाय लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात, त्यामुळे 28 अक्षरं पाठ झाली तरी अनोळखी शब्द नीट वाचता येत नाही. घशातून काढायचा 'ऐन' तर अजून माझ्या घशातच आहे.

आकड्यांत मात्र मी वर्गात पुढे. 47 म्हणजे 'सब्आ व अर्बईन', आधी सात, मग चाळीस. युरोपातली मंडळी इथं अडखळतात. सत्तेचाळीस म्हणत मोठं झालेल्या माणसाला त्यात काय विशेष? लिहिलेले आकडे तेवढे फसवे. त्यांना अरबीत 'हिंदी आकडे' म्हणतात, पण त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका.

आई, तुला इथली विचारपूस आवडेल. भेटल्याबरोबर कामाचं बोलायचं नाही. तब्येत कशी, घरचे कसे, "शू उलूमक", म्हणजे काय खबरबात, सगळं विचारायचं आणि उत्तर बहुतेक एकच, अल्हम्दुलिल्लाह. बाहेर रांग खोळंबलेली असताना मला आधी हे नकोसं व्हायचं. आता मीच लांबवते. बोलता बोलता आखडलेला खांदा सैल पडतो, मग पुढचं काम सोपं जातं.

फेब्रुवारीत आलात की कुणी ना कुणी घरी बोलावेलच. वेलदोड्याचा कहवा बिनकानाच्या छोट्या कपात, खजुरांबरोबर देतात. उजव्या हातानं घ्यायचा. कप रिकामा झाला की पुन्हा भरतात. बाबा, "पुरे, पुरे" म्हणून सुटका नाही, कप हलकेच हलवून परत द्यायचा.

आई, गुडघ्याचे व्यायाम चालू आहेत ना? तू हो म्हणशीलच. बाबा, खरं काय ते तुम्ही कळवा.

तुमची,
मीनू