शंख सारखा, पण एकीची अंडी आणि दुसरीची पिल्लं

नमस्कार संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीतला किनाऱ्यावरच्या जीवांचा लेख आवडला, पण त्यात 'अंडी घालणारे' आणि 'पिल्लं देणारे' असे दोन कायमचे कप्पे करून टाकलेत ते खटकलं, म्हणून लिहितोय.

ब्रिटनच्या खडकाळ किनाऱ्यावर लिटोरिना सॅक्सॅटिलिस आणि लिटोरिना आर्काना अशा दोन समुद्री गोगलगायी एकाच खडकावर शेजारी शेजारी राहतात. शंख इतके सारखे की मुरलेल्या अभ्यासकालाही नुसतं बाहेरून बघून खात्रीने सांगता येत नाही, त्यात सॅक्सॅटिलिसचा शंख जागेप्रमाणे बदलतो, खेकडे जास्त तिथे जाड आणि मोठा, लाटांचा मार जास्त तिथे छोटा, पातळ आणि तोंड रुंद. मग ओळखायचं कसं? मादी उघडून बघावी लागते. आर्कानाच्या अंडवाहिनीत जेली बनवणारी ग्रंथी असते, ती अंडी जेलीत गुंडाळून कपारीत चिकटवते. सॅक्सॅटिलिसमध्ये त्याच जागी पिशवी असते आणि त्यात अंगावर शंख घेऊन तयार झालेली, मिलिमीटरभरही नसलेली पिल्लं दाटीवाटीने भरलेली असतात! सॅक्सॅटिलिसला नाव मिळालं 1792 मध्ये आणि आर्कानाला थेट 1978 मध्ये, इतकी वर्षं ती दुसरीच्या गर्दीत लपून राहिली.

2024 मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये यांच्या जनुकांचा अभ्यास आला. पिल्लं देण्याशी जोडलेले जीनोमचे (म्हणजे संपूर्ण जनुकसंचाचे) साधारण 50 भाग सापडले, म्हणजे हा बदल एका झटक्यात नाही तर थोडा थोडा करत साठत गेला, आणि तोही गेल्या लाखभर वर्षांत, उत्क्रांतीच्या हिशोबात हे अगदी अलीकडचं. पिल्लं पोटात सांभाळल्यामुळे अंडी सुकायची भीती नाही, त्यामुळे सॅक्सॅटिलिस खाड्या आणि खारट दलदलीतही पसरली, अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना. आर्काना मात्र खडक सोडून फारशी गेली नाही.

कोकणातल्या खडकांवर आणि कांदळवनाच्या खोडांवरही याच कुळातल्या गोगलगायी आहेत, आपली पोरं सहलीला गेली की त्या हातात घेतात, म्हणून विनंती आहे की पुढच्या लेखात या दोघींना जागा द्या, आणि शंखांच्या फोटोंसोबत त्या पिल्लांनी भरलेल्या पिशवीचा फोटोही नक्की छापा.

आपला एक नियमित वाचक, रत्नागिरी