बाबा, दसरा झाला की राजारामपुरीत

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा, तुम्ही "बघू पुढच्या महिन्यात" म्हणता, आणि आईला लगेच गॅसवरचं दूध आठवतं. म्हणून लिहितेय. राजारामपुरीत तळमजल्यावरचा फ्लॅट मी आणि दादानं भाड्यानं घेतलाय. अनामत दिली, करार झाला. दसरा झाला की तुम्ही दोघांनी तिथं राहायला जायचं. रागवायचं तर रागवा, पण आधी पुढचं वाचा.

शुक्रवार पेठेतलं घर विकायचं नाही. तसं कुणाच्या मनातही नाही. किल्ली तुमच्याच खिशात राहील, वाटेल तेव्हा जाऊन ओट्यावर बसा. मला फक्त त्या जिन्याची धास्ती आहे. त्या रात्री तुमचा घोळणा फुटला आणि रक्त थांबेना, तेव्हा तालमीतल्या पोरांनी तुम्हाला खुर्चीत बसवून एकेक पायरी उतरवलं. बोळात ॲम्ब्युलन्स शिरली नाही, म्हणून खुर्ची तशीच उचलून रस्त्यापर्यंत आणली. आईच्या हातातला पंचा पिळला तर रक्त गळत होतं. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स निदान दीड लाख हव्यात, तिथं सहा हजार.

दवाखान्यात तुम्हाला स्टेरॉइड, आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती अँटिबॉडी) आणि प्लेटलेट्सच्या पिशव्या, सगळं एकदमच का लावलं, असं आई परवा विचारत होती. आई, बाबांच्या या आजारात, आयटीपीत, शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्सना परकं समजतं. त्यांना अँटिबॉडी चिकटतात आणि प्लीहा त्यांना वेचून संपवते. बाहेरून चढवलेल्यासुद्धा बऱ्याचदा काही तासांत नाहीशा होतात. आयव्हीआयजीनं ती नासधूस आवरते, पण आकडा वर यायला एक-दोन दिवस जातात, स्टेरॉइडला त्याहून जास्त. तोवर रक्त थोपवायचं ते पिशव्यांनी. म्हणजे उत्तम औषधालाही वेळ लागतोच, आणि तो वेळ आपण बोळात आणि जिन्यावर घालवायचा नाही. नाकातलं रक्त चिमटीत धरता येतं, बाबा. डोक्यातलं नाही धरता येत. त्या पायऱ्यांवर पाय घसरून डोकं आपटलं तर, याच्या पुढं माझ्यानं लिहवत नाही.

आता चाळीस हजार आहेत, हे खरं. पण साध्या तापानंही हा आकडा खाली येतो, हेही डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलंय.

फ्लॅट चांगला आहे हो. सकाळी पुढच्या खोलीत ऊन येतं, तिथं तुमची आरामखुर्ची बसते, मी मोजून घेतलीय. न्हाणीत फरशी घसरडी नाही, भिंतीला धरायला दांडी लावून घेतली. देवांसाठी पूर्वेचा कोनाडा आहे. आई, तुझी शुक्रवारची अंबाबाई चुकणार नाही, रिक्षावाल्या मामांशी बोलून ठेवलंय. आणि बाबा, गंगावेशीतलं धारोष्ण दूधही बंद नाही! प्लेटलेट्स वाढवणारी एल्ट्रोम्बोपॅगची गोळी दुधाबरोबर अंगी लागत नाही, एवढंच. तुम्ही पहाटे पाचला उठताच. तेव्हा उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि नंतर दोन तास चहा, दूध, दही काही नको. संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर खुशाल जा.

खासबागेत कुस्त्या बघायला मला खांद्यावर घेऊन जायचात, तेव्हा माझे दोन्ही पाय एका हातात घट्ट धरलेले असायचे. गेल्या वेळी त्याच हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे ठिपके बघितले. तुम्ही बाही खाली ओढलीत, तरी मला दिसले, बाबा.

आता मी सांगते ते ऐकायचं. गुडघा दुखला तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असलेली कुठलीच गोळी नाही. गल्लीतल्या डॉक्टरांकडून कमरेत इंजेक्शन तर मुळीच नाही. ब्रश मऊच वापरा, दात काढायचा झाला तर आधी मला फोन. बीपीची गोळी चुकवू नका. घोळणा फुटला तर मान मागं टाकायची नाही, पुढं वाकून बसायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरायचा, मधे सोडून बघायचं नाही. तरीही थांबलं नाही, तोंडात रक्ताचे फोड आले, शौचाला काळं झालं, डोकं जबर दुखायला लागलं किंवा उलटी, गुंगी आली, तर रात्रीचे दोन असोत, थेट दवाखाना. आई, त्या वेळी ह्यांचं "सकाळी बघू" ऐकायचं नाही. आत्या पपईच्या पानांचा रस पाठवते त्यात तिची माया आहे, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. मीच बोलेन तिच्याशी, तुला वाईटपणा नको.

दादा टेम्पो घेऊन येईल. बाबांनी ट्रंक उचलायची नाही, नुसतं बसून सांगायचं. लोणच्याच्या बरण्या मी आल्यावर बांधू, आणि आजीचं जातं न्यायचं की नाही ते आई, तूच ठरव.

तुमची,
ताई