सिएनातील अनामिकांचे आभार

इटालियन भाषेच्या चार आठवड्यांच्या वर्गासाठी सिएना येथे राहिले असताना ज्यांची नावे विचारायचीही राहून गेली, त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानते.

पियाझ्झा देल काम्पो या शिंपल्यासारख्या उतरत्या चौकाच्या फरसबंदीचे नऊ भाग हे मध्ययुगातील नऊ जणांच्या राजवटीचे प्रतीक मानले जातात, असे ज्या आजोबांनी बोटांवर मोजत आणि माझी चुकलेली क्रियापदे न हसता दुरुस्त करत सांगितले, ते माझे पहिले शिक्षक. घरासाठी ‘कासा’ हा शब्द पाठ करून गेलेल्या मला बेकरीत ‘ला हासा’ ऐकू आले, तेव्हा तोस्काना या सिएनाच्या प्रांतात दोन स्वरांमधला ‘क’ असा ‘ह’कडे झुकतो, हे तेथील बाईंनी तीनदा उच्चारून दाखवले. (मागे रांगेत खोळंबलेल्यांनी कुरकूर केली नाही, याबद्दल त्यांचेही आभार.) पालाझ्झो पुब्लिको या नगरभवनात आम्ब्रोजो लोरेन्झेत्ती यांनी १३३८-३९ मध्ये रंगवलेल्या सुराज्य-कुराज्याच्या भित्तिचित्रांसमोर मी शब्दकोश चाळत असताना एका रखवालदारांनी वेशीवर तरंगणाऱ्या, स्त्रीरूपातील ‘सुरक्षिते’च्या हातातील फाशीच्या खांबाकडे माझे लक्ष वेधले आणि एकेक शब्द सुटा करून तिचा अर्थ सांगितला.

शहरातील १७ मोहल्ल्यांपैकी ‘गोगलगायी’च्या मोहल्ल्यात वाट चुकले असता थेट ‘सुरवंटा’च्या मोहल्ल्यापर्यंत सोबत आलेल्या शाळकरी मुलाला मी घाईत ‘ग्रात्सिए’ म्हणायचेच विसरले. ते येथे म्हणते.