गणपतीला येत नाही, रागावू नका

उट्रेख्ट, रविवार, २८ जुलै २०१९

ती. बाबा आणि ती. आईस शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण पाकीट फोडून आई चष्मा शोधायला जाते आणि चष्मा सापडेपर्यंत तिच्या डोक्यात सतरा शंका येऊन गेलेल्या असतात.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात की फोनवर मी नुसतं ‘हो, बरं, बघते’ करते, काय चाललंय ते एकदा नीट कागदावर लिही. म्हणून हा खटाटोप. अक्षर बिघडलंय ते चालवून घ्या. पेन धरायची सवयच गेली.

काल दिवसभर महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या बातम्या बघत बसले होते. वांगणीजवळ गाडी पाण्यात उभी, आत हजारावर माणसं, बोटीतून पोरंबाळं बाहेर काढतायत. चिंट्या महापेला जातो, बदलापूरकडे त्याचं काही काम नसतं, हे कळत होतं तरी त्याला सहा फोन लावले. मग समजलं, चौथा शनिवार म्हणून साहेब अकरापर्यंत झोपले होते. त्याला सांगा, झोप, पण फोन उशाशी ठेवून झोप.

इकडे बरोबर उलटं. गुरुवारी नेदरलँड्समध्ये पारा चाळीसच्या वर गेला. पहिल्यांदाच. आधीचा उच्चांक १९४४ सालचा, ३८.६ अंशांचा, तो तर बुधवारीच मोडला होता. आई, तू थंडीची काळजी करत होतीस ना? इथल्या घरांना पंखे नसतात. भिंती ऊब धरून ठेवायला बांधलेल्या, त्यामुळे आत शिरलेलं ऊन रात्री बारालासुद्धा जायचं नाव घेत नाही. ठाण्याची मुलगी उन्हाने आडवी झाली, हे खालच्या काकूंना कळू देऊ नका. दोन संध्याकाळी मी काम संपल्यावर सर्व्हर रूमला लागून असलेल्या खोलीत अभ्यासाला बसले. तिथे थंड असतं. ऐरोलीच्या डेटा सेंटरला होते तेव्हा भर मे महिन्यात स्वेटर हातात घेऊन ट्रान्स हार्बरच्या फलाटावर उभी राहायचे आणि तू म्हणायचीस, लोक वेडी समजतील. तोच स्वेटर अजून वापरते. कोपराला उसवलाय, पण आहे.

जेवणाचं आता विचारू नका. पोळ्या करते. रोज नाही, पण करते.

तर परीक्षा. बाबा, तुमचा प्रश्न रास्त आहे की बी.ई. झालं, दहा वर्षं नोकरी झाली, आता या वयात कसली परीक्षा. व्हीएमवेअर नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरून एका दणकट सर्व्हरवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरवर, सॉफ्टवेअरनेच बनवलेले वीस-तीस सर्व्हर चालवतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं अख्खं मशीन माझंच. ते चालवायची परीक्षा मी ठाण्यात असतानाच दिली होती, तुम्ही पेढे वाटले होते. ही वरची आहे, आराखड्याची. मशिनं किती घ्यायची, कशी जोडायची, एखादं मेलं तर काय करायचं, आणि प्रत्येक गोष्टीला ‘का’.

तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल, कारण सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभा तुम्ही चालवता. मी अभ्यासाला बसले की मला तीच सभा दिसते. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावलं पाहिजे. ती झाली गरज. समोरचा रस्ता आहे तेवढाच रुंद, तो आपल्याला वाढवता येत नाही. ती झाली मर्यादा. ‘दोन वर्षांत ताबा मिळेल’ हे गृहीतक. आणि बिल्डरने मध्येच काम थांबवलं तर, ही जोखीम. पेपरात असाच एखाद्या कंपनीचा किस्सा देतात, चांगला पानभर, आणि त्यातलं कुठलं वाक्य कशात बसतं ते ओळखायचं. ऐकायला सोपं आहे. पण माणसं गृहीतकच गरजेसारखं ठासून बोलतात, आणि तिथेच घसरायला होतं. नियम असा की गृहीतक लिहून काढायचं आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला जाऊन विचारायचं. न विचारता तसंच पुढे नेलं की ती जोखीम झालीच म्हणून समजा.

मग आराखडा तीन पायऱ्यांनी. आधी नुसतं काय हवं ते, मग खोल्या किती आणि कुठे, आणि सगळ्यात शेवटी टाईल्स कुठल्या कंपनीच्या. मधल्या पायरीवर कंपनीचं नाव घेतलं की चुकलं. आपल्या सभेत लोक पहिल्या दहा मिनिटांत टाईल्सवर येतात, तसं माझं होतं. दहा वर्षं हाताने मशिनं दुरुस्त केल्यावर प्रश्न वाचता वाचताच हात शिवशिवायला लागतात.

एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. चार सर्व्हर एकत्र चालत असतील आणि त्यातलं एक पडलं तरी काम चालायला हवं असेल, तर एकूण ताकदीचा चौथा हिस्सा मुद्दाम मोकळा सोडायचा. पडलेल्या सर्व्हरच्या आत चालणारी ती सॉफ्टवेअरची मशिनं उरलेल्या तिघांवर पुन्हा सुरू होतात. लोकांना वाटतं काही बंदच पडत नाही. तसं नसतं, ती बंद पडतात आणि आपली आपण उठतात, थोडी मिनिटं जातातच. इथल्या एका ग्राहकाला हे समजावताना त्यांचे हिशेबाचे साहेब म्हणाले, म्हणजे पाव भाग रिकामा ठेवायला पैसे द्यायचे? मला वागळे इस्टेटमधला तुमचा स्टँडबाय पंप आठवला. तुमच्या मालकांनीही हेच विचारलं होतं ना? तुम्ही त्यांना काय उत्तर दिलं होतं ते मात्र काही केल्या आठवेना.

आता जे सांगायचं टाळत होते ते. एप्रिलमध्ये परीक्षा पुढे ढकलली म्हणाले होते. ढकलली नव्हती, दिली होती. १०० ते ५०० च्या मापात ३०० ला पास करतात आणि मला २८१ पडले. केंद्रातल्या मुलीने निकालाचा कागद उलटा करून हातात दिला. बाहेर आले, सायकलच्या कुलुपात घराची किल्ली घालून पाच मिनिटं झटत होते. त्याच रात्री तुमचा फोन आला, आई कैरीच्या लोणच्याबद्दल बोलत होती, आणि माझ्या तोंडून ‘पुढे गेली गं’ निघून गेलं. नंतर दुरुस्त करायचं राहिलं. रडले वगैरे नाही. म्हणजे थोडी. कमी कुठे पडले ते कळलंय: काय करायचं ते मला बरोबर कळत होतं, पण का करायचं ते पक्कं नव्हतं. आता रोज एक जुना आराखडा काढून त्यातल्या प्रत्येक ओळीला ‘का’ विचारते. ऑफिसातले लोक मला बघून वाट बदलतात.

आणि आई, ही पास झाले तरी याच्याही वर एक आहे. तिथे स्वतः केलेला आराखडा घेऊन परीक्षकांच्या पॅनलसमोर उभं राहायचं आणि ते उलटसुलट विचारतील त्याला तोंड द्यायचं. जगभरात काहीशे लोकच पास झालेत. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच म्हण, फक्त इथे उत्तरं मुलीने द्यायची असतात. तेवढं धाडस अजून केलेलं नाही.

आता तुला हसवते. तू पाठवलेलं कालनिर्णय मी स्वयंपाकघरात, फ्रीजच्या बाजूला लावलंय, आपल्या घरासारखंच. घरमालकीणबाई मागे नळ बघायला आल्या होत्या. कालनिर्णयासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे इथे का लावलंस? मला वाटलं खिळा ठोकलेला आवडला नाही. तसं नव्हतं. या लोकांकडे वाढदिवसांचं एक वेगळंच कॅलेंडर असतं आणि ते असतं संडासात. नाक मुरडू नकोस, नीट सांगते. कॅलेंडर साधंच, बारा पानांचं, पण त्यात वार नसतात आणि सालही नसतं, नुसत्या तारखा. त्यामुळे तेच कॅलेंडर वर्षानुवर्षं चालतं. प्रत्येक तारखेसमोर कोणाचा वाढदिवस ते लिहायचं आणि बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल असं दारावर किंवा भिंतीवर टांगायचं. बाई म्हणतात, माणूस रोज शांतपणे बसतो अशी दुसरी जागा कुठली, सांग. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. संडास कोरडा असतो, आंघोळीचं बहुतेक वेगळं असतं, एखादी कुंडीसुद्धा असते आत, म्हणजे तुला वाटतंय तसलं काही नाही. मी त्यांच्याकडे चहाला गेले तेव्हा मुद्दाम आत जाऊन पाहिलं. एखादं माणूस गेलेलं असलं तरी नाव खोडत नाहीत, बाजूला बारीकशी खूण करतात. बाईंच्या नवऱ्याचं तसं आहे, मार्चच्या पानावर. माझंही नाव आहे, नोव्हेंबरात. आणि रागावू नकोस, त्यांनी तुझंही विचारलं. तो घोळ शेवटी लिहिते.

गणपतीचं. तुम्हाला अंदाज आलाच असेल. यंदा २ सप्टेंबरला बसतायत आणि मला येता येत नाही. इथल्या एका हॉस्पिटलची सगळी मशिनं जुन्या जागेवरून नव्या जागी हलवायची आहेत, त्याचा आराखडा माझा आहे. परीक्षाही त्याच आठवड्यात. साहेबांनी नको म्हटलं नव्हतं, जा म्हणाले होते. मीच नको म्हटलं. हे खरं ते लिहिते, नाहीतर बाबा कंपनीला शिव्या देत बसतील. जांभळी नाक्यावरून दूर्वा आणि हार आणायचं काम माझं असतं, ते चिंट्याला द्या. पहाटे साडेपाचला जा म्हणावं, सातनंतर ओल्या टोपलीतल्या शिळ्या जुड्या गळ्यात मारतात. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावा, पण फोन समईला टेकवून ठेवू नका, मागच्या वर्षी मला पंधरा मिनिटं छतच दिसत होतं.

पैशाचं. चिंट्याच्या लग्नाच्या हॉलसाठी दीड हजार युरो पाठवलेत. सत्त्याहत्तरच्या आसपास भाव आहे, म्हणजे एक लाख पंधरा हजारांच्या जवळपास जमा होतील. बाबांनी ते एफडीत टाकायचे नाहीत, घोडबंदर रोडच्या हॉलवाल्यालाच द्यायचे. याहून जास्त पाठवणार होते. एप्रिलच्या परीक्षेची फी कंपनीने भरली होती, या खेपेची मी भरली, तीस हजारांच्या आसपास. गणपतीच्या तिकिटासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून गेली. डिसेंबरात लग्नाला मात्र पंधरा दिवस येतेय. सुट्टी मंजूर होऊन लेखी आलीय, हे गृहीतक नाही.

आणि हो, मोठीच्या आधी धाकट्याचं उरकतायत म्हणून मावशी काय म्हणाली ते मला कळलं. म्हणू दे. आई, तू मात्र तिच्यापुढे गप्प बसत जाऊ नकोस. पुण्याच्या त्या मुलाचा मेल आला होता, मी उत्तर दिलंय. बरा वाटला. त्याने विचारलं परत कधी येणार, मी विचारलं का परत यावं. त्याला तीन दिवस झाले, अजून लिहितोय बहुतेक. इथे कोणी आहे का, असं तू चिंट्याला विचारायला लावलंस, तेही कळलं. नाही. असतं तर तुला आधी सांगितलं असतं. एप्रिलनंतर तू विश्वास ठेवशील की नाही माहीत नाही, पण हे खरं आहे.

बाबांच्या गोळ्या डब्यात वारांप्रमाणे भरून ठेव. कपाट आवरताना माझी कॉलेजची जर्नलं रद्दीत देऊ नका.

तुमची,
चिमी

ता. क. आई, बाईंनी तुझी तारीख विचारली तेव्हा मी सवयीने १ जून सांगितली, दाखल्यावरची. घरी आल्यावर वाटलं, ही तर मास्तरांनी लावलेली. आजी म्हणायची, गौरी जेवल्या त्या दिवशी तू झालीस. परत जाऊन सांगितलं की आईचा वाढदिवस दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. बाईंना ते काही झेपेना. म्हणाल्या, मग लक्षात कसा ठेवता? मी म्हटलं, त्यासाठीच ते स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. मग फोनवर कालनिर्णयाचा फोटो दाखवला. यंदा गौरीपूजन ६ सप्टेंबरला आहे. बाईंनी खोडरबरने जून पुसलं आणि सप्टेंबरात तुझं नाव पेन्सिलने लिहिलं, पुढच्या वर्षी हलवायला सोपं. परीक्षा त्याच दिवशी आहे, दुपारी एक वाजता, तुमचे साडेचार. तोवर गौरी जेवून झालेल्या असतील. तुला सकाळीच फोन करते.